पुरानंतर भिंती वाळवणं: प्लास्टर किती काढायचं, रंग कधी लावायचा?

ओळंबा (धागाकर्ता)

पूर ओसरला की पहिला आठवडा गाळ काढण्यात जातो आणि पाचव्या आठवड्यात लोक रंगारी शोधायला लागतात. मधल्या दिवसांत भिंतीच्या पोटात काय चाललंय हे कोणी बघत नाही. हा धागा त्या मधल्या दिवसांसाठी. पंचनामा, मदत, धरणाचे दरवाजे यांचे धागे वेगळे आहेत, ती चर्चा कृपया तिकडेच.

आधी हिशोब. ९ इंची विटांची भिंत, लांबी १० फूट, पाणी ४ फूट चढलेलं. म्हणजे ३० घनफूट बांधकाम, वजन साधारण १६०० किलो. साध्या विटेने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलं तरी ती भारतीय मानकात (आयएस १०७७) बसते. आपण भिंत सरासरी १० टक्केच भिजली असं धरू. एका भिंतीत १६० लिटर, चार भिंतींच्या खोलीत ६४० लिटर. गच्चीवरच्या ५०० लिटरच्या टाकीत मावणार नाही इतकं पाणी, आणि बाहेर पडायला वाट फक्त भिंतीच्या पृष्ठभागातून. त्यावर ऑइल पेंट, पुट्टी किंवा डॅडोच्या (भिंतीच्या खालच्या भागावर लावलेल्या) टाइल्स असतील तर तीही बुजलेली.

ढोबळ नियम असा की बांधकाम इंचाला एक महिना या वेगाने वाळतं. ९ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असेल तर साडेचार महिने. एका बाजूला टाइल्स असतील किंवा शेजाऱ्याची भिंत चिकटून असेल तर नऊ. हा वेग कोरड्या हवेतला आहे. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये घड्याळ जवळपास थांबलेलंच असतं.

भिंत किती वेळ पाण्यात होती यावरही बरंच ठरतं. २०१९ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली आणि काही भागांत पाणी आठवडाभर, कुठे त्याहून जास्त, उभं राहिलं. चिपळूणला २२ जुलै २०२१ला पाणी उंच चढलं, जोरात आलं, पण त्यामानाने लवकर उतरलं. सांगलीच्या भिंती गाभ्यापर्यंत भिजल्या. चिपळूणला धक्क्याने आणि गाळाने नुकसान जास्त केलं. दोन्हीकडे एकच उपाय सांगणाऱ्याचं ऐकू नका.

वाशिष्ठीकाठ

पहिल्या दोन दिवसांचा क्रम कोणी लिहील का? बहुतेक लोक गडबड तिथेच करतात.

थापी

लिहितो.

वीज: मेन बंद आहे हे गृहीत धरू नका, महावितरणच्या माणसाकडून खांबावरून तोडून घ्या. इन्व्हर्टर असेल तर बॅटरीची वायरही काढा. मेन बंद असला तरी इन्व्हर्टर घरात करंट सोडत असतो, हे विसरलं जातं.

खूण: गाळ धुण्याआधी प्रत्येक खोलीत पाण्याच्या रेषेवर खिळ्याने ओरखडा काढा आणि फोटो घ्या. विमा आणि पंचनाम्याला लागतोच, शिवाय पुढे प्लास्टर कुठपर्यंत उतरवायचं तेही याच रेषेवरून ठरतं.

गाळ: ओला असतानाच काढा. वाळला की छिन्नी लागते. पाणी उतरत असतानाच त्याच पाण्यात झाडूने ढवळून गाळ दाराबाहेर लोटला तर निम्मं काम होतं, कारण नंतर धुवायला नळाला पाणी नसतं. आधी खोरं-पाटी, मग रबरी वायपर, मग पाणी. भिंत वरून खाली धुवायची, साध्या पाइपने. प्रेशर वॉशर भिंतीला लावू नका, तो सांध्यांतला माल उडवतो आणि पाणी आणखी आत ढकलतो.

गाळ लपतो त्या जागा: ओट्याखालचा कोनाडा, बाथटबचा किंवा कमोडचा चौथरा, फॉल्स भिंतीमागची पोकळी, दाराच्या चौकटीमागची फट, विजेचे पाइप. इथला राहिलेला गाळ सहा महिने ओल धरून ठेवतो आणि वास येतो तो तिथूनच.

कृष्णाकाठ

यात तळघराचं जोडतो, बाजारपेठांमध्ये दुकानांना तळघरं असतातच. बाहेरची जमीन भिजलेली असताना तळघर एका दमात उपसू नका. आतल्या पाण्याचा दाब बाहेरच्या मातीचा आणि पाण्याचा दाब तोलून धरतो. आतलं पाणी गेलं की भिंत आत येते किंवा फरशी वर उचलते. दिवसाला २-३ फूट एवढंच उतरवा, भिंतीवर खडूची रेघ मारा आणि रात्रभर थांबा. सकाळी पाणी रेघेच्या वर आलं असेल तर बाहेरची पातळी अजून उतरलेली नाही, पंप बंद. डिझेल पंप तळघरात उतरवू नका. त्याच्या धुराने माणसं मरतात.

चिरेबंद

जुन्या वाड्यांचं वेगळं लिहायला हवं, कारण तिथे चूक झाली तर रंग उडत नाही, भिंत पडते.

पांढऱ्या मातीत बांधलेली भिंत पुराच्या पाण्यात उभी राहते आणि पाणी उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बसते. पाणी असेपर्यंत भिंतीला दोन्हीकडून टेका असतो. ते गेल्यावर वरचा सगळा भार भिजलेल्या, लोण्यासारख्या झालेल्या मातीवर येतो. म्हणून आत शिरण्याआधी बाहेरून बघा: भिंतीला पोट आलंय का (ओळंबा, म्हणजे वजन बांधलेली दोरी, वरून सोडून मोजा, १० फुटांत इंचभरापेक्षा जास्त असेल तर आत जाऊ नका), दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय का, तुळईचं टोक भिंतीतून सरकलंय का.

टेकू भिंतीला नाही, तुळईला द्या. बल्ली (लाकडी वासा) किंवा लोखंडी प्रॉप, खाली २ इंची फळी, म्हणजे ओल्या जमिनीत रुतणार नाही. प्रत्येक तुळईखाली दोन, भिंतीपासून दीड-दोन फुटांवर. छताचा भार भिंतीवरून उतरला की मगच भिंतीला हात लावायचा.

लाकडी खांब तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) टेकतो तिथे दाभण टोचून बघा. अर्ध्या इंचापेक्षा सहज आत गेलं तर बुंधा कुजलाय, आणि तो या पुराने कुजलेला नाही, आधीचाच आहे. पुराने फक्त दाखवून दिलं.

आणि हात जोडून विनंती: मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका. भिंत आत ओली, वर सिमेंटचं कवच. ओल कवचामागे साठते, मातीचा चिखल होतो, आणि एक दिवस प्लास्टर आपल्याबरोबर चार इंच माती घेऊन पडतं. मातीला माती, चुन्याला चुना.

दमट

खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद? निम्मे लोक सांगतात वारा लागू द्या, निम्मे सांगतात बाहेरची दमट हवा आत घेऊ नका.

ओळंबा

दोघंही अर्धे बरोबर. टक्केवारी बघून ठरवू नका, हवेत प्रत्यक्ष किती पाणी आहे ते बघा.

ऑगस्टमध्ये चिपळूणला २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर दर घनमीटर हवेत साधारण २३ ग्रॅम बाष्प असतं. ओल्या बंद खोलीत त्याच तापमानाला ९५ टक्के असेल तर साडेचोवीस. म्हणजे खिडकी उघडून प्रत्येक घनमीटरमागे दीड ग्रॅम कमावले. शून्य नाही, पण ६४० लिटरपुढे काहीच नाही. ऑक्टोबरच्या दुपारी ३२ अंश आणि ४५ टक्के: १५ ग्रॅम. डिसेंबरात सांगलीला दुपारी ३० अंश, ३० टक्के: ९ ग्रॅम. तीच खिडकी, तोच वारा, आणि आता भिंत खरोखर वाळते.

तेव्हा हवेतली ओल काढणारं यंत्र (डीह्युमिडिफायर) नसेल तर पावसाळ्यातही खिडक्या उघड्याच ठेवा आणि पंखा लावा. त्याने भिंत फारशी वाळणार नाही, पण बुरशी अडेल. यंत्र असेल तर मात्र खिडक्या बंद, दाराखालच्या फटीला गोणपाट. नाहीतर यंत्र अख्ख्या गावाची हवा वाळवत बसतं.

थापी

यंत्राबद्दल लोकांची फसगत होते म्हणून आकडे देतो. पाटीवर "दिवसाला ५० लिटर" लिहिलेलं असतं ते ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला. पहिले चार दिवस तेवढं मिळतंही, कारण हवेतलं, फरशीवरचं, कपाटातलं सुटं पाणी निघतं. मग बादलीत १० लिटर यायला लागतं, पुढे ५-६. लोकांना वाटतं यंत्र बिघडलं, किंवा घर वाळलं. दोन्ही नाही. आता पाणी विटेच्या आतून सरकत सरकत पृष्ठभागावर यायला लागलंय आणि त्याचा वेग यंत्राच्या हातात नाही.

असं यंत्र ७००-९०० वॅट खातं, म्हणजे चोवीस तासांना १७ ते २२ युनिट. तीन-चार आठवडे भाड्याने आणून सुटं पाणी काढा, बाकीचं काम थंडीवर सोडा. पाणी बादलीत न घेता नळी थेट मोरीत सोडा, रात्री बादली भरली की यंत्र आपोआप बंद पडतं आणि आठ तास फुकट जातात.

पंखा भिंतीकडे सरळ तोंड करून ठेवू नका. भिंतीला तिरका, २०-३० अंशांत, म्हणजे हवा भिंतीला घासत लांबवर जाते. जमिनीपासून फूटभर उंचीवर, कारण ओल तळाशी जास्त. दर सहा तासांनी जागा बदला.

वाशिष्ठीकाठ

हॅलोजन लावून किंवा शेगडी पेटवून खोली तापवतात काही जण.

थापी

शेगडी अजिबात नको. १ किलो गॅस जळला की साधारण १.६ किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं. आपण भिंत वाळवायला बसलोय आणि सिलिंडरभर गॅसमागे २२ लिटर पाणी खोलीत सोडतोय. कोळशाची शेगडी बंद खोलीत म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, जिवाशी खेळ.

हॅलोजनने भिंतीचा एक थाळीएवढा गोल तापतो, तिथलं पाणी वाफ होऊन छतावर जातं आणि थंड स्लॅबवर थेंब धरतं. वाफ बाहेर काढायची सोय नसेल तर उष्णतेने ओल फक्त जागा बदलते.

कृष्णाकाठ

प्लास्टरचा मुद्दा राहिला. ९ इंची वीट, सिमेंटचं प्लास्टर, पाणी ४ फूट. किती काढायचं?

चिरेबंद

सगळं. ओलाव्याच्या रेषेच्या वर दीड फुटापर्यंत. भिंत उघडी झाल्याशिवाय वाळत नाही.

थापी

इथे माझा विरोध. सिमेंटचं प्लास्टर भिंतीला घट्ट धरून असेल आणि त्यावर फक्त चुना किंवा साधं डिस्टेंपर असेल तर ते राहू द्या. त्यातून ओल निघते, हळू निघते पण निघते. काढायचं ते रंगाचं कातडं: ऑइल पेंट, प्लास्टिक इमल्शन, पुट्टी. पत्र्याच्या खरवडणीने पुट्टी सुटत नसेल तर ग्राइंडरला डायमंड कप लावा, पण मास्क घालून, आणि मेन बंद असेल तर बाहेरच्या जनरेटरवर.

प्लास्टर ठेवायचं की उतरवायचं हे हातोडीच्या दांड्याने ठोकून ठरवा. दर वीतभर अंतरावर ठोका. खणखणीत आवाज आला तर ठेवा. बद्द आवाज आला तर खडूने गोल करा. एका भिंतीवर गोलांनी तिसरा हिस्सा भरला तर मग चिरेबंद म्हणतात तसं सगळं उतरवा, ठिगळं लावण्यात मजुरी तेवढीच जाते.

पीओपी, जिप्सम प्लास्टर, जिप्सम बोर्ड यांना ठोकूनही बघू नका. पाण्यात आठवडाभर बसलेला जिप्सम वाळला तरी ताकद परत येत नाही आणि मागे कागद असेल तर बुरशीला ते जेवणच.

चिरेबंद

घट्ट धरलेल्या प्लास्टरबद्दल तुमचं मान्य. पण एक गोष्ट तरीही करा: फरशीलगतची स्कर्टिंगची ओळ काढा आणि तळाचं ६ ते ९ इंच प्लास्टर उतरवून विटा उघड्या करा. सगळी भिंत आपलं पाणी खाली सोडत असते आणि फरशीखालचा भराव ते परत वर देत असतो. ही पट्टी सगळ्यात शेवटी वाळते. तिथे वाट मोकळी ठेवली तर वरचं प्लास्टर वाचतं.

कापायची रेषा ठरवताना घाई नको. पाणी ४ फुटांवर थांबलं असलं तरी ओल केशिकांतून पुढचे आठ-दहा दिवस वर चढते. पेन्सिलने ओलीच्या कडेवर रोज रेघ मारून तारीख टाका. रेघा वर जायच्या थांबल्या की त्यावर फूटभर धरून ग्राइंडरने आडवी सरळ चीर मारा, मग छिन्नी. आधी चीर न मारता छिन्नी लावली की वरचं चांगलं प्लास्टरही हलतं.

वाशिष्ठीकाठ

आणि जांभा? चिऱ्यांच्या भिंती, आतून प्लास्टर, बाहेरून नुसत्या दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) भरलेल्या.

चिरेबंद

जांभ्याची भोकं मोठी असतात, त्यामुळे सुटं पाणी विटेपेक्षा लवकर निथळतं. त्रास दोन ठिकाणी. भोकांतली पिवळसर-पांढरी माती धुपून जाते, म्हणून त्याला पाण्याचा जोर लावायचा नाही, कुंचल्याने झाडायचं. आणि सांधे जर मातीचे असतील तर चिरा कोरडा, सांधा चिखल अशी अवस्था महिनोनमहिने राहते. सांध्यात खिळा घालून बघा. मऊ लागला तर इंचभर खोल खरवडून मोकळा ठेवा आणि दर्जा चुन्याने भरा, पण थंडीत. आत्ता भरलेली दर्जा म्हणजे ओलीला लावलेलं बूच.

बाहेरची बाजू उघडी असणं हा जांभ्याच्या घराचा मोठा फायदा आहे. ती बाजू वॉटरप्रूफिंगच्या रसायनाने बंद करायचा सल्ला पूर ओसरल्यावर आठवड्याभरात कोणीतरी विकायला येतोच.

फेज_न्यूट्रल

विजेचं थोडक्यात, पण ठाम.

बुडालेले एमसीबी (जादा करंटला वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच), स्विच, सॉकेट, होल्डर: सगळे बदला. वाळवून चालू होतात, अडचण तीच आहे. आत गाळाचा थर राहतो आणि ज्या दिवशी एमसीबीने पडायचं त्या दिवशी तो पडत नाही.

वायर चांगल्या पीव्हीसीची, मध्ये सांधे नसलेली असेल तर बहुतेक वेळा वाचते. पण पाइपात गाळ असतो. स्विचबोर्ड काढून वरून पाइपात साधं पाणी सोडा, खाली स्वच्छ येईपर्यंत, मग ब्लोअरने हवा मारा. चार दिवसांनी ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजणारं यंत्र) तपासणी: सगळी उपकरणं, बल्ब, पंखे सुटे करून. एखादा एलईडी लागलेला राहिला तर तो मरेल आणि रीडिंगही चुकीचं येईल. फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, फेज-न्यूट्रल, प्रत्येक सर्किट वेगळं. १ मेगओहमच्या खाली आलं तर ते सर्किट जोडायचं नाही. ०.२-०.३ येत असेल तर आठवडाभर थांबून परत मोजा, बऱ्याचदा चढतं. चढलं नाही तर पाइपात कुठेतरी टेप लावलेला सांधा आहे, वायर ओढून काढा.

अर्थिंगचा खड्डाही तपासा. पुरात अर्थिंगची पट्टी गंजलेल्या नटबोल्टापाशी तुटते आणि वरून सगळं ठीक दिसतं. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आधी नसेल तर आता बसवाच. ओल्या भिंतीच्या घरात पुढचे सहा महिने त्याच्यावरच भिस्त आहे.

रंधा

लाकूड: फुगलेलं दार ठोकून उघडू नका आणि लगेच तासूही नका. आत्ता तासलेलं दार जानेवारीत चौकटीत पाव इंच सैल बसतं. बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार उतरवा, सावलीत आडवं ठेवा, खाली दर दीड फुटावर इंचभर जाडीच्या पट्ट्या, एकावर एक दारं ठेवायची तर मध्येही पट्ट्या एकाच रेषेत, आणि सगळ्यात वर वजन. उन्हात ठेवलेलं सागवान एका बाजूने वाळतं आणि ताटलीसारखं वळतं.

प्लायवूडमध्ये आयएस ७१० म्हणजे मरीन असेल तर वाचण्याची शक्यता चांगली. साधं एमआर (फक्त दमटपणा सोसणारं) असेल तर कडेला पानं सुटलेली दिसतील, तेवढा भाग गेला. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ: फेका. मॉड्युलर किचनची खालची कपाटं बहुतेक याचीच असतात, बाहेरचं लॅमिनेट चकचकीत राहतं म्हणून लोक ठेवतात आणि आत भुसा झालेला असतो. भिंतीला स्क्रूने बसवलेली कपाटं वाचली असली तरी काढा, त्यांच्यामागची भिंत नाहीतर वाळायची नाही.

ओल मोजायला पिनचा मीटर लाकडासाठी उत्तम. १२ ते १४ टक्क्यांवर आलं की परत बसवा.

दमट

तोच मीटर भिंतीवर लावला तर?

ओळंबा

तो आकडा टक्के म्हणून वाचायचा नाही. पिनचा मीटर विजेचा रोध मोजतो, आणि गाळाच्या पाण्याने भिंतीत क्षार सोडलेले असतात. कोरडी पण खारट भिंतही "ओली" दाखवते. तुलना म्हणून वापरा: वरच्या मजल्यावरची पुरात न भिजलेली भिंत किती दाखवते, खालची किती.

खरा आकडा हवा असेल तर भुसा काढून वजन करा. खर्च जवळपास शून्य. ड्रिलला १० मिमीचं बिट, वेग कमीत कमी (जोरात फिरवलं तर बिट तापून भुसा तिथेच वाळतो). पहिल्या इंचाचा भुसा टाकून द्या, तो प्लास्टरचा. मग ४ इंच खोलीपर्यंतचा विटेचा भुसा कागदाच्या पन्हळीतून थेट झाकणाच्या डबीत. तीन-चार भोकांतून मिळून ३०-४० ग्रॅम होतो. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमचा काटा चालतो. ओलं वजन घ्या, स्टीलच्या वाटीत पसरून ओटीजीत (घरगुती छोट्या भट्टीत) १०५ अंशांवर चार तास, थंड करून परत वजन, परत तासभर, वजन बदलायचं थांबेपर्यंत.

४० ग्रॅमचे ३६.५ झाले तर ३.५ ला ३६.५ ने भागा: ९.६ टक्के. विटेची भिंत ५ टक्क्यांच्या वर असेल तर ती सरळ ओली. रंगासाठी ३ च्या आत यायला हवी. जिप्समचा कण भुशात मिसळू देऊ नका, त्याच्या स्फटिकातलं पाणी भट्टीत निघून जातं आणि आकडा फुगतो.

कृष्णाकाठ

विटा उघड्या केल्यावर दोन महिन्यांनी पांढरा कापूस फुटतो त्याचं काय? बरेच जण बुरशी समजून ब्लीचिंग मारतात.

चिरेबंद

तो लोणा, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले क्षार. बोटाने चोळून जिभेला नको, पाण्यात टाका: विरघळला तर लोणा, तरंगला किंवा गिळगिळीत झाला तर बुरशी. लोणा फुटतोय म्हणजे भिंत वाळतेय, आनंदाची गोष्ट आहे. कोरड्या मऊ ब्रशने झाडून कागदावर घ्या आणि घराबाहेर टाका. धुवायचा नाही, धुतला की विरघळून परत आत जातो आणि पुढच्या वेळी आणखी आतून फुटतो. अॅसिडने तर नाहीच. दर पंधरा दिवसांनी झाडत राहा, कमी होत जातो.

बुरशी मात्र ओल्या कपड्याने पुसायची, सुकी खरवडली तर घरभर उडते. एन-९५ मास्क, हातमोजे, साबणाचं पाणी. मग फरशी, टाइल्स, लोखंड यांना ब्लीचिंग पावडरचं द्रावण: चांगल्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतं, लिटरला ३० ग्रॅम टाकलं की १ टक्क्याचं द्रावण होतं. वरची निवळी वापरा, दहा मिनिटं ठेवून पुसा. त्याच बादलीत संडास धुवायचं अॅसिड पडता कामा नये, क्लोरीन वायू सुटतो आणि मोरीएवढ्या जागेत तो पुरेसा असतो.

वाशिष्ठीकाठ

२०२१चं उदाहरण घ्या. २२ जुलैला पूर, १० सप्टेंबरला गणपती. मध्ये ५० दिवस. कोकणात गणपतीला भिंत उघडी ठेवा म्हणून सांगून कोणी ऐकणार नाही. काहीतरी तोडगा सांगा.

थापी

चुना. कळीचा चुना आठवडाभर भिजवून, गाळून, दुधासारखा पातळ करून दोन हात. ओल्या भिंतीवरही बसतो, श्वास बंद करत नाही, बुरशीलाही मारतो कारण तो जहाल अल्कली आहे (डोळे सांभाळा). निळीची चिमूट टाकली की पांढराशुभ्र दिसतो. प्लास्टर काढलेल्या विटांवरही मारता येतो. डाग वर येतील, येऊ द्यात.

करायचं नाही ते: "डॅम्पप्रूफ" प्रायमर आणि त्यावर पुट्टी. गणपतीत झकास दिसतं, दिवाळीला फोड येतात, होळीपर्यंत पापुद्रे जमिनीवर. मग पुन्हा खरवडा, पुन्हा वाळवा, आणि मधला सगळा हिवाळा, जो भिंत वाळायचा एकमेव मोसम, तो गेलेला असतो. पैसे दुप्पट लागतात त्यापेक्षा हे वाईट.

आरास भिंतीपासून चार बोटं सुटी उभी करा. मागे हवा खेळेल आणि डागही झाकतील.

कृष्णाकाठ

फरशीचं कोणी बोललं नाही. शहाबादी आहे, काही ठिकाणी ठोकल्यावर पोकळ.

ओळंबा

शहाबादी सुटी होते, हा तिचा गुण. पोकळ वाजणाऱ्या फरश्या पहारीने उचला, नंबर टाकून ठेवा, खालचा भराव बघा. पुरात भराव बसतो आणि जोत्यालगत वाट मिळाली तर वाहूनही जातो. फक्त ओला असेल तर महिना-दोन महिने उघडा ठेवा. बसला असेल तर मुरूम ६-६ इंचांच्या थरांत टाकून धुमसा मारा (ठोकून घट्ट बसवा), मग फरशी. व्हिट्रिफाइड टाइल्स पोकळ वाजत नसतील तर राहू द्या, पण लक्षात घ्या की खालचं पाणी आता फक्त सांध्यांतून आणि भिंतीच्या तळातून निघणार. चिरेबंदांनी सांगितलेली ६ इंचांची पट्टी अशा घरात सक्तीची समजा.

दमट

भुशाची पद्धत करून पाहिली. ९ इंची वीट, स्कर्टिंग काढलेली, दोन्ही बाजू उघड्या. जमिनीपासून ९ इंचांवर ७.२ टक्के, ३ फुटांवर ४.१, वरच्या मजल्यावर १.१. रंगारी म्हणतोय वरच्या भागाला तरी पुट्टी मारून घेऊ.

ओळंबा

नको. तळाचे सव्वासात अजून वर जायचेत. आहे त्या भोकांपासून हातभर बाजूला, त्याच उंचीवर, डिसेंबरअखेर परत भुसा काढा. जुनी भोकं कापसाच्या बोळ्याने बंद करा, सिमेंटने नको.